राजाज्ञा आणि कुलधर्म : थीब्ज ते नागपूर

प्रशासनात काही प्रकरणे अशी येतात की त्यांत दोषी कोण हे ठरविणे सोपे असते. नियम मोडला, लाभ घेतला, दंड झाला, नस्ती बंद. परंतु नियम मोडणाऱ्याला त्यातून काहीच मिळवायचे नसते, केवळ आपल्या माणसाचे ऋण फेडायचे असते, तेव्हा अधिकाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. एका बाजूस राज्याची आज्ञा आणि दुसऱ्या बाजूस घराचा धर्म. दोन्ही आपापल्या जागी न्याय्य. अशा प्रसंगी काय करावे, याचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडत नाही. त्याचा विचार मात्र फार पूर्वीपासून झालेला आहे, आणि तो करणाऱ्यांत सोफोक्लीज हा ग्रीक नाटककार अग्रभागी आहे.

सोफोक्लीजविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो केवळ नाटककार नव्हता. इ. स. पू. ४४३-४४२ च्या सुमारास तो अथेन्सच्या नेतृत्वाखालील राज्यसंघाच्या कोषाधिकाऱ्यांपैकी एक होता आणि इ. स. पू. ४४१ च्या सुमारास पेरिक्लीजबरोबर सेनानी म्हणून निवडला गेला होता. ‘अँटिगनी’ हे नाटकही याच काळातले मानले जाते. म्हणजे राजाज्ञा आणि कुलधर्म यांच्या संघर्षावरचे जगातील सर्वांत प्रसिद्ध नाटक ज्याने लिहिले, त्याने राज्याचा हिशेब ठेवला होता आणि राज्याच्या सैन्याला हुकूमही दिले होते. सत्तेच्या आसनावरून जग कसे दिसते, हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्याचा राजा हा निव्वळ दुष्ट नाही.

क्रेऑनची बाजू

कथा थोडक्यात अशी. थीब्ज नगरीच्या सिंहासनासाठी इटिओक्लीज आणि पॉलिनायसिस हे सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पॉलिनायसिसने परक्यांची सेना घेऊन स्वतःच्याच नगरीवर स्वारी केली. दोघेही एकमेकांच्या हातून मारले गेले आणि राज्य त्यांचा मामा क्रेऑन याच्याकडे आले. क्रेऑनने पहिली आज्ञा काढली ती अशी : नगरीसाठी लढलेल्या इटिओक्लीजला सन्मानाने मूठमाती द्यावी, नगरीवर चालून आलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत उघड्यावर पडू द्यावे आणि जो कोणी त्याला माती देईल त्याला देहान्त शासन व्हावे. त्या दोघांची बहीण अँटिगनी ही आज्ञा मोडते. भावाच्या देहावर मूठभर माती टाकते, पकडली जाते, आणि ‘मी केले’ असे राजासमोर निर्भयपणे मान्य करते.

आपली सहानुभूती अँटिगनीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु क्रेऑनच्या जागी क्षणभर बसून पाहावे. युद्ध नुकतेच संपले आहे. राज्य एका रात्रीत अंगावर आले आहे. फितुरीला शिक्षा नाही असे दिसले, तर उद्या दुसरा कोणी परकी सेना घेऊन येईल. प्रत्यक्ष अथेन्समध्येही देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या भूमीत पुरण्यास मनाई होती. थेमिस्टोक्लीज हा अथेन्सचा थोर सेनापती पुढे देशद्रोही ठरला आणि परदेशी मेला. त्याच्या अस्थी नातलगांनी गुपचूप मायभूमीत आणून पुरल्या असे त्याचे आप्त सांगत, अशी नोंद थ्युसिडिडीज या इतिहासकाराने केली आहे. अर्थात रंगमंचावर दिसणारा पेच प्रेक्षकांच्या प्रत्यक्ष अनुभवातला होता.

क्रेऑन चुकतो तो आज्ञा काढण्यात नव्हे, तर आज्ञा काढल्यानंतर कान बंद करून घेण्यात. त्याचा पुत्र हेमन, जो अँटिगनीचा नियोजित वर आहे, त्याला नम्रपणे सांगतो की नगरीतील लोक त्या मुलीसाठी हळहळत आहेत, फक्त तुमच्यासमोर बोलण्याचे धैर्य कोणाला नाही. क्रेऑन त्यात मुलाचे स्त्रीदाक्षिण्य पाहतो. वृद्ध भविष्यवेत्ता टायरेसियस धोक्याची सूचना देतो. क्रेऑन म्हणतो, याने लाच खाल्ली असावी. प्रत्येक विरोधी मताला हेतू चिकटवून ते बाजूला सारायचे, ही सत्तेची फार जुनी सवय आहे.

भोसल्यांच्या घरात

हा पेच केवळ ग्रीकांचा नाही. आपण छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी माणसांनी तर त्यासाठी दूर जाण्याचे कारणच नाही. भिलाईच्या शेजारचा दुर्गचा किल्ला मराठ्यांनी १७४१ साली छत्तीसगडात उतरताना तळ म्हणून वापरला होता. १७५८ पासून १७८७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले रतनपुरास राहून येथील राज्यकारभार पाहत होते. रतनपूरच्या रामटेकरीवरील राममंदिर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहण्याच्या दोन शतके आधीपासून मराठी बोलणारी माणसे या मातीत होती, आणि नागपूरच्या राजवाड्यात जे घडे त्याचे पडसाद येथे उमटत.

त्या राजवाड्यात थीब्जसारखाच भाऊबंदकीचा इतिहास होता. पहिल्या रघुजींना जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी असे चार पुत्र. जानोजींना संतान नव्हते. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघुजी यास दत्तक घेतले. १७७२ साली जानोजी वारले आणि साबाजी व मुधोजी या भावांत सत्तेसाठी युद्ध जुंपले. १७७५ च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगाव येथे झालेल्या लढाईत साबाजी मारले गेले आणि मुधोजींनी आपल्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. एका दत्तकावरून सुरू झालेला वाद एका भावाच्या मृत्यूने संपला.

दुसरे रघुजी १८१६ साली वारले. त्यांचे पुत्र परसोजी दुर्बळ होते. चुलतभाऊ आप्पासाहेब कारभार पाहू लागले. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी बिछान्यात मृतावस्थेत आढळले, आणि हा खून आप्पासाहेबांनी करविला असा बोभाटा झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब हरले आणि १८१८ साली पदच्युत झाले. आता गादीवर कोण? परसोजींची विधवा दुर्गाबाई हिने दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास दत्तक घेतले आणि त्याचे नाव तिसरे रघुजी ठेवले. दुसऱ्या रघुजींच्या विधवा बाकाबाई यांनी राजवाड्याची सूत्रे सांभाळली. हा सारा प्रकार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याच्या संमतीने झाला. राजा अल्पवयीन असल्याने कारभार इंग्रजांनी चालविला. छत्तीसगडात अ‍ॅग्न्यू हा अधिकारी नेमला गेला आणि राजधानी रतनपुराहून रायपुरास आली. १८३० साली छत्तीसगड पुन्हा भोसल्यांकडे सोपविण्यात आले.

येथे एक गोष्ट मनात नोंदवून ठेवावी. १८१८ साली एका विधवेने घेतलेला दत्तक इंग्रज सरकारने राज्याचा वारस म्हणून स्वीकारला होता.

११ डिसेंबर १८५३

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. त्यांनी हयातीत दत्तक घेतला नव्हता. घराण्याच्या बाजूचे म्हणणे असे की यशवंतराव अहेरराव या जवळच्या नात्यातील तरुणाने राजाचे अंत्यविधी केले, बाकाबाईंच्या संमतीने ज्येष्ठ राणीने त्यास मांडीवर घेतले आणि त्याचे नाव जानोजी ठेवले.

अग्नी कोणी दिला, हा प्रश्न आपल्याकडे केवळ विधीचा नसतो. जो अग्नी देतो, पिंड देतो, तोच मृताचे ऋण अंगावर घेतो आणि त्याचा वारसाही त्याच्याकडे येतो. घर, देवघर आणि राज्य ही तीन वेगळी खाती नसतात. शिवाय महाराष्ट्रात मान्य असलेल्या ‘व्यवहारमयूख’ या नीलकंठ भट्टाच्या ग्रंथाच्या परंपरेप्रमाणे, पतीने स्पष्ट अनुमती दिलेली नसली तरी विधवेला दत्तक घेता येतो. पुढे न्यायालयांनीही महाराष्ट्र संप्रदायापुरते हे तत्त्व मान्य केले. बंगालच्या परंपरेत मात्र पतीची अनुमती आवश्यक मानली जाई. नागपूरच्या राण्या जे करीत होत्या ते त्यांच्या शास्त्राप्रमाणे पूर्णपणे विहित होते.

गव्हर्नर जनरल डलहौसी याने २८ जानेवारी १८५४ रोजी आपले टिपण लिहिले. राजाच्या मृत्यूला अद्याप पन्नास दिवसही झाले नव्हते. त्याचा मथितार्थ असा : दत्तक घेण्याचा राजांना अधिकार आहे की नाही हा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण राजाने जाणूनबुजून दत्तक घेतला नाही आणि त्याच्या विधवेनेही घेतलेला नाही, सबब वारस नाही, सबब राज्य कंपनी सरकारकडे आले.

राजवाड्यातले एक सत्य आणि कलकत्त्याच्या दप्तरातले दुसरे. एकीकडे अग्नी देणारा मुलगा उभा आहे, दुसरीकडे नस्तीत ‘वारस निरंक’ अशी नोंद आहे. ‘तुमचा दत्तक आम्हाला अमान्य’ असे म्हटले असते तर निदान वाद झाला असता. ‘दत्तक झालाच नाही’ असे म्हटल्यावर वाद करायलाही जागा उरत नाही. क्रेऑनने अँटिगनीचे कृत्य गुन्हा म्हणून का होईना पाहिले होते. डलहौसीच्या टिपणात नागपूरच्या राण्यांच्या कृत्याला तेवढेही अस्तित्व नव्हते.

हे कारण कितपत खरे होते, याची कसोटी त्याच हिवाळ्यात झाशीला लागली. तेथे गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, स्वतः दत्तक घेतला आणि इंग्रजांना तसे लेखी कळविले. म्हणजे नागपूरला जे नाही म्हणून राज्य गेले, ते सर्व झाशीला होते. तरी १८५४ च्या आरंभी झाशीही खालसा झाली. दोन नस्त्यांत दोन वेगळी कारणे आणि निर्णय एकच, असे दिसले की अनुभवी अधिकारी समजतो : निर्णय आधी झाला आहे, कारण मागाहून लिहिले आहे.

दुसरी बाजू आणि न ऐकलेले सल्ले

न्यायबुद्धीने डलहौसीची बाजूही मांडली पाहिजे. १८१८ साली नागपूरचे राज्य जिंकलेले होते आणि इंग्रजांनी ते तिसऱ्या रघुजींना आपण होऊन दिले, असा त्याचा युक्तिवाद होता. उत्तरकाळात राजाचे कारभाराकडे दुर्लक्ष झाले होते आणि त्याच्या व्यसनांविषयी रेसिडेंटचे अहवाल प्रतिकूल होते. सुमारे ८०,००० चौरस मैलांच्या मुलखातील रयतेचे हित कोणी पाहायचे, हा प्रश्न पोकळ नव्हता. खासगी मालमत्तेचा वारस आणि राज्याचा वारस या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे तत्त्वही आज लोकशाहीत राहणाऱ्या आपल्याला परके वाटू नये. राज्य ही कोणाच्या घरची वतनवाडी नव्हे, हे आपणही मानतो. अर्थात जो सरकार हे तत्त्व सांगत होता त्याला वऱ्हाड-नागपूरच्या कापसातही रस होता, हे विसरून चालणार नाही.

ज्यांना ही बाजू माहीत होती तेच लोक वेगळा सल्ला देत होते. रेसिडेंट मॅन्सेल हा राजाच्या दुर्गुणांचा टीकाकार. पण कारभार सरकारने घ्यावा आणि घराण्याची प्रतिष्ठा नावापुरती का होईना टिकवावी, असा मधला मार्ग त्याने सुचविला होता. कौन्सिलमधील जॉन लो याने, ज्याचे आयुष्य देशी संस्थानांत रेसिडेंट म्हणून गेले होते, खालशाविरुद्ध आपले मत नोंदविले. दोघांचेही ऐकले गेले नाही. १८५४ च्या मार्चमध्ये नागपूरचे राज्य, आणि त्याबरोबर आपले छत्तीसगड, कंपनी सरकारात विलीन झाले.

त्यानंतर आले राजवाड्यातील सामान. हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव झाला. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले. विक्रीचा पैसा भोसले कुटुंबासाठीच्या निधीत जायचा होता, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने सरकारची वही चोख होती. परंतु सामान बाहेर काढाल तर वाड्याला आग लावीन, असे वृद्ध बाकाबाई संतापाने म्हणाल्या, हे जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. सासूने सुनेला दिलेला दागिना आणि लिलावात बोली लागलेला दागिना यांचे वजन एकच असते. मोल एक नसते. हा फरक कोणत्याही जंगम मालमत्तेच्या यादीत लिहिता येत नाही.

याच बाकाबाईंनी १८५७ साली मात्र वेगळा मार्ग धरला. आप्तांपैकी कोणी उठावात सामील झाला तर मी स्वतः त्याला इंग्रजांच्या हवाली करीन, अशी ताकीद त्यांनी दिली. यासाठी त्यांना दूषणे देणारे अनेक आहेत. परंतु पाऊणशे वर्षांच्या त्या बाईने पती, सावत्र पुत्र परसोजी आणि नातू यांचे मृत्यू पाहिले होते आणि १८१७ ची लढाईही पाहिली होती. घर वाचवायचे की मान वाचवायचा, असा प्रश्न पडल्यावर त्यांनी घर वाचविले. अँटिगनीची बहीण इस्मिनी हीदेखील आरंभी हेच म्हणते. शूरांच्या कथेत अशा माणसांना दुय्यम स्थान मिळते. कुटुंबे मात्र पुष्कळदा त्यांच्यामुळेच टिकतात.

उशिरा आलेला हुकूम

नाटकाच्या शेवटी क्रेऑन नमतो. वृद्धांचा समूह त्याला सांगतो की आधी त्या मुलीला गुहेतून सोडव आणि मग मृताची व्यवस्था कर. क्रेऑन नेमके उलट करतो. आधी पॉलिनायसिसला मूठमाती देतो, सर्व विधी यथासांग उरकतो, आणि मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. पाठोपाठ हेमन आणि राणीही प्राण देतात. हुकूम योग्य होता, क्रम चुकला. जिवंत माणूस वाट पाहत असताना मेलेल्या प्रकरणाची पूर्तता आधी करावी, हा दोष आजच्या कार्यालयांनाही अपरिचित नाही.

नागपुरातही दुरुस्ती झाली, आणि तीही अशीच उशिरा. बाकाबाई १८५८ साली वारल्या. त्यानंतर काही वर्षांतच सरकारने जानोजींचे दत्तकविधान मान्य केले आणि त्यांना सातारा जिल्ह्यातील देऊर गावच्या नावाने ‘राजाबहादूर’ ही पदवी दिली. जो दत्तक १८५४ साली झालाच नव्हता, तो आता झालेला ठरला. १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि खालशाचे धोरणच संपले. तेव्हा राज्य गेलेले होते, जवाहीर विकले गेले होते, आणि ज्या वृद्धेने हे सारे सोसले ती हे पाहण्यास उरली नव्हती.

या काळातील एका अधिकाऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. इव्हान्स बेल हा मद्रास सैन्यातील अधिकारी नागपूरला असिस्टंट कमिशनर होता. भोसले घराण्यावर अन्याय झाला, असे त्याचे अभ्यासान्ती मत बनले आणि वरिष्ठांची नाराजी पत्करून त्याने ते मांडले. यापायी त्याला मुलकी पद गमवावे लागले. पुढे १८६४ साली त्याने ग्रंथ लिहून खालशाच्या धोरणाची चिकित्सा केली. राज्यकर्त्यांच्याच पंक्तीत बसून, दप्तर वाचून, ‘हा कागद खरे सांगत नाही’ असे म्हणणारा अधिकारी प्रत्येक काळात विरळा असतो.

आजच्या टेबलावर

आज राजे नाहीत आणि राज्यांचे वारस ठरवायचे नाहीत. परंतु घर आणि दप्तर यांची गाठ रोज पडते. महाराष्ट्रात ज्याला वारसाचा फेरफार म्हणतात आणि येथे छत्तीसगडात ज्याला नामांतरण म्हणतात, त्या प्रत्येक अर्जात एक मृत्यू असतो. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर अनुकंपा नियुक्तीसाठी येणाऱ्या अर्जात, कोणी कोणाला सांभाळायचे याविषयी घराने आधीच घेतलेला एखादा निर्णय असतो. भिलाईसारख्या नगरात, जेथे माणसे दूरच्या गावांहून आली आणि मुळाचे नातेवाईक तिकडेच राहिले, तेथे हे निर्णय पुष्कळदा कागदावर येतच नाहीत. पुतण्याला मुलासारखा वाढविलेला असतो. त्यानेच अग्नी दिलेला असतो. शाळेच्या दाखल्यावर मात्र जन्मदात्या पित्याचे नाव असते.

आपल्या कायद्याने या बाबतीत काही शहाणपण दाखविले आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात दत्तहोम अनिवार्य ठेवलेला नाही. मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे मात्र अनिवार्य आहे. नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर दत्तक कायदेशीर झाला असे न्यायालयाने गृहीत धरावे, पण विरुद्ध पुरावा आल्यास तो ऐकावा, अशी तरतूद आहे. म्हणजे कागदाला मान आहे, पण अखेरचा शब्द कागदाचा नाही. स्त्रीला स्वतःच्या अधिकारात दत्तक घेता येतो. नागपूरच्या राण्यांना जे सिद्ध करता आले नाही, ते आज एखाद्या सामान्य विधवेला तहसील कचेरीच्या आवारात करता येते.

याचा अर्थ प्रत्येक अर्ज मान्य करावा असा नाही. खोटे दत्तकपत्र येते, खोटा वारसही येतो, आणि त्याला थोपविणे हेही कर्तव्यच आहे. राज्याने घरापुढे नेहमी नमावे, असे सोफोक्लीजनेही सुचविलेले नाही. नगरीचे रक्षण करणारी आज्ञा त्यालाही प्रिय होती. त्याने एवढेच दाखविले की आज्ञा देणाऱ्याने समोरच्या माणसाचे कर्तव्य आधी पाहिले पाहिजे, त्याला नाव दिले पाहिजे, आणि मगच ते मान्य किंवा अमान्य केले पाहिजे. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार शासनाला आहे. ‘असे काही झालेच नाही’ म्हणण्याचा नाही.

‘वारस निरंक’ असे लिहिण्यापूर्वी अग्नी कोणी दिला, हे एकदा विचारावे. प्रश्न लहान आहे. १८५४ च्या जानेवारीत तो कलकत्त्यात कोणी खुल्या मनाने विचारला असता, तर राज्य कदाचित तरीही गेले असते. पण एका वृद्धेला स्वतःच्या वाड्याला आग लावण्याची भाषा करावी लागली नसती.